विषाणू सौम्य झाला की यजमान बदलला?

करोनाचा नवा व्हेरियंट जाहीर झाला की दोन दिवसांत दोन तट पडतात. एक म्हणतो, साधे सर्दीपडसे आहे, उगाच भीती घालू नका. दुसरा रुग्णसंख्येचा चढता आलेख पुढे धरतो आणि २०२१ची आठवण करून देतो. गंमत अशी की दोघेही बहुधा एकाच आकड्यावर भांडत असतात: इतक्या बाधितांपैकी इतके रुग्णालयात गेले, इतके दगावले. पण व्हेरियंट सौम्य आहे की घातक, या प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यात आहे का? माझ्या मते नाही. दोन व्हेरियंटच्या घातकतेची तुलना करता येते, आणि या साथीत काही संशोधकांनी ती उत्तम केलीही. मात्र कोणाची कोणाशी, कोणत्या आठवड्यात आणि कशाला भागून, हे आधी सांगावे लागते. ते न सांगता केलेले ‘सौम्य’ आणि ‘घातक’ हे दोन्ही दावे सारखेच पोकळ असतात, मग त्यातला एखादा पुढे योगायोगाने खरा का ठरेना.

सर्वांत ढोबळ चुकीपासून सुरुवात करू. चाचणी पॉझिटिव्ह येणे, रुग्णालयात दाखल होणे आणि मृत्यू यांच्यात दिवसांचे अंतर असते. दाखल होण्यापर्यंत साधारण आठवडाभर, मृत्यूपर्यंत दोन-तीन आठवडे किंवा अधिक. आता एक काल्पनिक हिशेब पाहा. एका व्हेरियंटचे एकूण रुग्ण दर तीन दिवसांनी दुप्पट होत आहेत, बाधितांपैकी नेमके १ टक्का मरतात आणि चाचणी ते मृत्यू हे अंतर १८ दिवसांचे आहे. आज एकूण रुग्ण ६४,००० असतील तर १८ दिवसांपूर्वी ते १,००० होते. आजवरचे मृत्यू त्या १,००० मधलेच, म्हणजे १०. बातमीतला मृत्युदर निघतो ०.०१६ टक्के, खऱ्याच्या चौसष्टाव्या हिश्श्याइतका. ओसरत्या लाटेत याच्या उलट होते: नवे रुग्ण थोडे, मृत्यू मात्र मागच्या आठवड्यांतल्या मोठ्या संख्येतून येणारे, त्यामुळे त्या आठवड्याचा दर फुगतो. डिसेंबर २०२१ मध्ये डेल्टा मागे पडत होता आणि ओमायक्रॉनचे रुग्ण अनेक देशांत दोन-तीन दिवसांत दुप्पट होत होते. अशा वेळी दोघांचे ढोबळ दर शेजारी मांडले की एक फुगलेला आणि दुसरा आकसलेला, अशी तुलना हाती येते. यावरचा उपाय जुनाच आहे. प्रत्येक बाधिताचा ठरावीक दिवस पाठपुरावा करायचा, दाखल होण्यासाठी १४ दिवस, मृत्यूसाठी २८. ज्यांचे तेवढे दिवस अजून भरलेले नाहीत त्यांना अर्धवट नोंद म्हणून धरायचे, ‘बरे झाले’ म्हणून नाही. एवढे करूनही एक बारीक खोट उरते. वाढत्या व्हेरियंटचे आज सापडलेले रुग्ण बहुतांशी नुकतेच बाधित झालेले असतात, ओसरत्याचे रुग्ण आजारात पुढे गेलेले. चाचणीची तारीख जुळवून जोड्या लावल्या तरी दोन्ही गट आजाराच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर उभे असतात.

वेळ सांभाळली तरी वय फसवते. समजा जुन्या व्हेरियंटच्या १,००० रुग्णांत ५०० तरुण आणि ५०० वृद्ध आहेत. तरुणांपैकी १ टक्का आणि वृद्धांपैकी २० टक्के दाखल होतात. एकूण १०५, म्हणजे १०.५ टक्के. नव्या व्हेरियंटच्या १,००० रुग्णांत ९०० तरुण, १०० वृद्ध. तरुणांपैकी २ टक्के, वृद्धांपैकी २५ टक्के दाखल होतात. एकूण ४३, म्हणजे ४.३ टक्के. तरुणांत जोखीम दुप्पट झाली, वृद्धांत सव्वापट झाली, आणि मथळा मात्र ‘नवा व्हेरियंट निम्म्याहून सौम्य’ असा होणार. हे उदाहरण ओढूनताणून घेतलेले नाही. नवा व्हेरियंट बहुधा प्रवास करणाऱ्या, गर्दीत मिसळणाऱ्या तरुणांत आधी पसरतो आणि घरातल्या वृद्धांपर्यंत काही आठवड्यांनी पोहोचतो. म्हणजे घातकतेबद्दल सर्वाधिक बोलले जाते त्याच दिवसांत वयाची ही फसगत सर्वांत मोठी असते.

तरीही वय नोंदलेले असते, लसीची तारीखही बहुतेक ठिकाणी नोंदलेली असते. ज्याची नोंद नसते ती गोष्ट म्हणजे आधी होऊन गेलेला संसर्ग, आणि खरा घोळ तिथे आहे. ओमायक्रॉनची माहिती दक्षिण आफ्रिकेने जागतिक आरोग्य संघटनेला २४ नोव्हेंबर २०२१ रोजी कळवली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच तिथल्या गौतेंग प्रांतातल्या त्श्वाने शहरातील स्टीव्ह बिको रुग्णालयातून अहवाल आला की कोविड वॉर्डातल्या बहुतेकांना ऑक्सिजन लागत नाही आणि अनेकांचा संसर्ग दुसऱ्याच कारणासाठी दाखल झाल्यावर चाचणीत सापडला आहे. अहवाल प्रामाणिक होता. त्यावरून जगभर काढलेला निष्कर्ष घाईचा होता. कारण त्याच गौतेंग प्रांतात, ओमायक्रॉनची लाट उसळण्याच्या सुमारास पूर्ण झालेल्या रक्तसर्वेक्षणात ७३.१ टक्के लोकांत विषाणूविरोधी प्रतिपिंडे (अँटिबॉडी) सापडली होती. नोंदवलेल्या रुग्णसंख्येवरून एवढे प्रमाण कोणाच्या ध्यानीमनीही आले नसते. बहुतेकांना आधी संसर्ग होऊन गेला होता आणि त्यांतल्या बहुतेकांची कधी चाचणीच झाली नव्हती.

याने तुलनेचे काय होते? पहिल्यांदाच बाधित होणाऱ्याची दाखल होण्याची जोखीम ५ टक्के आणि आधी संसर्ग झालेल्याची १ टक्का धरू. दोन्ही व्हेरियंटसाठी अगदी सारखीच. जुना व्हेरियंट प्रतिकारशक्तीला चकवू शकत नाही, म्हणून त्याच्या १,००० रुग्णांत ९०० नवखे आणि १०० पूर्वबाधित असतात: दाखल ४५ अधिक १, एकूण ४६. नवा व्हेरियंट प्रतिकारशक्तीला चकवतो, म्हणून त्याच्या १,००० रुग्णांत ३०० नवखे आणि ७०० पूर्वबाधित: १५ अधिक ७, एकूण २२. विषाणूच्या अंगभूत घातकतेत तसूभरही फरक नाही आणि दर निम्म्याखाली उतरला! उलट, तो पुन्हा बाधित करण्यात पटाईत आहे ही वाईट बातमीच ‘सौम्य’ हा मुखवटा घालून आली. लसीच्या बाबतीतही असेच घडते, जरा आडवळणाने. लसीमुळे डेल्टाचा संसर्गच टळलेले धडधाकट लोक डेल्टाच्या छेदात, म्हणजे ज्या बाधितांच्या संख्येने भागायचे त्यात, येतच नाहीत. ज्यांच्यात लस कमी पडली ते अशक्त, वयस्क लोक तेवढे उरतात. ओमायक्रॉन धडधाकटांनाही गाठतो. त्यामुळे लस घेतलेल्यांची लस घेतलेल्यांशी तुलना केली तरी दोन गट सारखे होत नाहीत.

दक्षिण आफ्रिकेच्याच वेस्टर्न केप प्रांतातल्या संशोधकांनी हा अदृश्य पूर्वसंसर्ग हिशेबात धरायचा प्रयत्न केला. तो धरल्यावर गंभीर आजार किंवा मृत्यूच्या जोखमीतली जी घट खुद्द विषाणूच्या खात्यावर टाकता येईल ती डेल्टाच्या तुलनेत साधारण २५ टक्के उरली. पंचवीस टक्के कमी! डेल्टाइतक्या घातक व्हेरियंटपेक्षा पाव हिश्शाने कमी, याला सर्दीपडसे म्हणायचे?

इथे प्रतिपक्षाचे पहिले भक्कम म्हणणे मान्य केले पाहिजे: ओमायक्रॉन खरोखर कमी घातक होता. बीए.१ या त्याच्या पहिल्या रूपाने उंदरांत आणि हॅमस्टरांत फुप्फुसाचा कमी आजार केला. हाँगकाँगमधल्या प्रयोगात तो श्वासनलिकेच्या ऊतीत डेल्टाहून सुमारे ७० पट वेगाने वाढला, पण फुप्फुसाच्या ऊतीत मूळ विषाणूहून दहा पटींपेक्षा मंद. पेशीत शिरताना तो टीएमपीआरएसएस२ या विकराचा (एन्झाइमचा) वापर कमी करतो, आणि तो विकर फुप्फुसाच्या खोल भागातल्या पेशींवर विपुल असतो. म्हणजे कारणही जुळते. इंग्लंडमध्ये १५ लाखांहून अधिक रुग्णांवर, २९ नोव्हेंबर २०२१ ते ९ जानेवारी २०२२ या दोन्ही व्हेरियंट एकत्र फिरत असतानाच्या काळात झालेल्या अभ्यासात, वय, ठिकाण, तारीख आणि लस जुळवल्यावर ओमायक्रॉनची जोखीम डेल्टाच्या तुलनेत दाखल होण्यासाठी ०.४१ पट आणि मृत्यूसाठी ०.३१ पट निघाली. मग आक्षेप घेणारे नुसतेच किरकिरे ठरले का? त्याच अभ्यासात वयवार गुणोत्तरे दिली आहेत, ती वाचावीत. दाखल होण्याची जोखीम ६० ते ६९ वयात ०.२५ पट, ८० वर्षांवर ०.४७ पट, आणि दहा वर्षांखालच्या मुलांत १.१० पट, विश्वासमर्यादा (खरा आकडा ज्या पट्ट्यात असण्याचा अंदाज तो पट्टा) ०.८५ ते १.४२. म्हणजे मुलांत घट दिसलीच नाही. ०.४१ हा आकडा इंग्लंडच्या त्या महिन्यातल्या लोकसंख्येची सरासरी आहे. वेगळ्या वयोरचनेच्या, वेगळ्या लसीकरणाच्या देशाने तो उचलून आपल्या धोरणात घालायचा म्हटले तर कोणत्या आधारावर?

दुसरा युक्तिवाद याहून व्यवहारी आहे आणि मला तो सर्वांत जड वाटतो. लोक म्हणतात, कमी माणसे मरताहेत ना? मग श्रेय विषाणूला द्या नाही तर प्रतिकारशक्तीला, फरक काय पडतो? ज्या समाजात मोजमाप झाले त्याच समाजापुरते, त्याच महिन्यापुरते हे बरोबर आहे. गडबड होते ती निष्कर्ष दुसरीकडे नेताना. २०२२च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये बीए.२ची, म्हणजे ओमायक्रॉनच्याच दुसऱ्या एका रूपाची, लाट आली. तोवर तिथे संसर्ग अत्यल्प होता, आणि ८० वर्षांवरच्या बहुसंख्यांनी लाट सुरू होताना लसीची एकही मात्रा घेतलेली नव्हती. ६ जानेवारी ते २१ मार्च या काळात ५,९०६ मृत्यू नोंदले गेले. त्यांतले ९६ टक्के साठीच्या वरचे, आणि या वृद्धांपैकी ७० टक्के लस न घेतलेले. लोकसंख्येच्या प्रमाणात त्या आठवड्यांतला तिथला मृत्युदर जगातल्या सर्वांत वरच्या दरांपैकी होता. त्याच सुमारास न्यूझीलंडलाही ओमायक्रॉनने गाठले. तिथेही आधीचा संसर्ग नगण्यच होता, पण वृद्धांचे लसीकरण जवळपास पूर्ण होते, आणि मृत्यू त्या मानाने फार थोडे झाले. ‘सौम्य’ व्हेरियंट तोच, महिनेही जवळजवळ तेच. हाँगकाँगमधल्या ज्या वृद्धांनी ‘आता हा सौम्य झाला’ हे ऐकून लस पुढे ढकलली असेल, त्यांना घट कोणाच्या खात्यावरची आहे हा फरक पुस्तकी वाटला असता का?

तिसरे म्हणणे उत्क्रांतीचे: विषाणू कालांतराने सौम्य होतातच, यजमान, म्हणजे ज्याच्या शरीरात तो राहतो तो, मेला तर त्याचाही निभाव लागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेला हा विचार ऐकायला सयुक्तिक आहे. त्याचे आवडते उदाहरण ऑस्ट्रेलियातले. १९५० साली सशांच्या नियंत्रणासाठी तिथे मिक्सोमा विषाणू सोडला. सुरुवातीला बाधित सशांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक मरत; काही वर्षांतच मध्यम घातकतेचे वाण वरचढ झाले. गोष्ट इथवरच सांगितली जाते. पण त्या मध्यम वाणांनीही बहुसंख्य ससे मरतच होते, आणि सशांत प्रतिकारक्षमता वाढत गेली तसे पुढच्या दशकांत पुन्हा अधिक घातक वाण सापडले. १९१८च्या इन्फ्लुएन्झाची वसंतातली लाट तुलनेने हलकी होती. कोट्यवधी बळी घेतले ते मुख्यतः शरदातल्या दुसऱ्या लाटेने. आणि मुळात हा तर्क करोनाला लागू पडतो का? विषाणूवर सौम्य होण्याचा दबाव तेव्हा येतो जेव्हा आजारपण त्याच्या प्रसाराच्या आड येते. करोनाचा प्रसार बहुतांशी लक्षणांच्या आधीच्या एक-दोन दिवसांत आणि पहिल्या आठवड्यात होतो. माणूस गंभीर होतो तो दुसऱ्या आठवड्यात. तोवर विषाणू पुढच्या घरी पोहोचलेला असतो, मागचा माणूस जगला काय, मेला काय. अल्फा आणि डेल्टा हे दोन व्हेरियंट आधीच्यांपेक्षा वेगाने पसरणारेही होते आणि अधिक घातकही. लागोपाठ दोनदा उलटी दिशा घेतली, तर तिसऱ्यांदा खाली आलेल्या पायरीला नियम म्हणता येत नाही.

अल्फाचीच गोष्ट जरा तपशिलात पाहण्यासारखी आहे, कारण तिथे दोन चांगल्या अभ्यासांची वर्तमानपत्रांनी विनाकारण झुंज लावली. एका अभ्यासाने इंग्लंडमधल्या ५४,९०६ जोड्या जुळवल्या: एकाला अल्फा, दुसऱ्याला जुना विषाणू, वय, लिंग, वांशिक गट, आर्थिक स्तर, ठिकाण आणि चाचणीची तारीख सारखी. अल्फाच्या गटात २२७ मृत्यू, दुसऱ्यात १४१, धोका १.६४ पट. दुसऱ्या अभ्यासाने लंडनमधल्या दोन रुग्णालयांतल्या, विषाणूचा जनुकक्रम (जीनोम सिक्वेन्स) मिळालेल्या ३४१ रुग्णांकडे पाहिले आणि गंभीर आजारात फरक नाही असे सांगितले. मथळे आले की तज्ज्ञांतच एकमत नाही. वास्तविक दोघांचे प्रश्न निराळे होते. पहिला विचारतो, बाधितांपैकी किती मरतात? दुसरा विचारतो, दाखल झालेल्यांपैकी किती जणांची प्रकृती आणखी बिघडते? व्हेरियंट अधिक लोकांना रुग्णालयाच्या दारापर्यंत आणत असेल, एरवी घरीच बऱ्या झालेल्यांनाही, तर वॉर्डातले गंभीर रुग्णांचे प्रमाण जैसे थे राहू शकते, कमीही दिसू शकते. शिवाय ३४१ रुग्णांत छोटा फरक सापडणे अवघडच. वॉर्डात उभे राहून केलेले निरीक्षण कितीही खरे असले तरी जे वॉर्डात आलेच नाहीत त्यांच्याबद्दल ते काही सांगू शकत नाही, आणि ‘माझ्या रुग्णांत तर सौम्यच दिसतोय’ म्हणणाऱ्या डॉक्टरांनी हे ध्यानात ठेवायला हवे.

डेल्टाची आकडेवारी वाचताना आणखी एक गोष्ट आड येते: त्या महिन्यातले उपचार. जून २०२० मध्ये डेक्सामेथासोन या स्टेरॉइड औषधाने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटतात हे सिद्ध झाले. त्याआधीच्या लाटेची नंतरच्या लाटेशी तुलना केली तर औषधाचे श्रेय विषाणूला जाते. एप्रिल-मे २०२१ मध्ये भारतात ऑक्सिजन आणि खाटा अपुऱ्या पडल्या. तिथल्या मृत्यूंत डेल्टाचा वाटा किती आणि रिकाम्या सिलिंडरचा किती, हे लाटेच्या एकूण आकड्यावरून वेगळे काढता येत नाही. म्हणून एकाच आठवड्यात, एकाच प्रदेशात दोन्ही व्हेरियंट हजर असतानाच तुलना करावी लागते, आणि अशी खिडकी जेमतेम काही आठवडे उघडी असते.

मग त्या आठवड्यांत सरकारने हात बांधून बसायचे? हा आक्षेप रास्त आहे. निर्णय अपुऱ्या माहितीवरच घ्यावे लागतात. पण अपुरी माहिती सांगण्याचीही एक शिस्त असते. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिटनच्या सल्लागार गटाने अल्फा अधिक घातक असण्याची ‘वास्तव शक्यता’ आहे एवढेच म्हटले, मर्यादा मांडल्या, आणि पुढच्या दोन महिन्यांत आलेल्या अभ्यासांनी ते पक्के केले. घाईच्या काळात घातकतेपेक्षा आधी कळते ती प्रसाराची गती, आणि धोरणासाठी बहुधा तीच पुरते. प्रत्येकी जोखीम निम्मी झाली आणि त्याच मुदतीत बाधित चौपट झाले तर मृत्यू दुप्पट होतात. अमेरिकेत हेच झाले: ओमायक्रॉनच्या लाटेत जानेवारी अखेरीस आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला रोजच्या मृत्यूंनी डेल्टाचा सप्टेंबर २०२१चा उच्चांक ओलांडला. रुग्णालयाला टक्केवारी दिसत नाही, त्याला खाटा मोजायच्या असतात.

आता परिस्थिती अधिक अवघड झाली आहे. अल्फा आणि बीए.१ यांच्या काटेरी प्रथिनात (स्पाइक प्रोटीन) ६९-७० या जागी एक तुकडा गळालेला असल्याने काही आरटी-पीसीआर किटांत या प्रथिनाच्या एस जनुकाची खूण उमटत नसे. त्या एका अपयशामुळे जनुकक्रम न काढताही लाखो रुग्ण व्हेरियंटनुसार वेगळे करता आले. डेल्टा आणि बीए.२ मध्ये ती खूण उमटते. ही सोय म्हणजे निव्वळ नशीब होते. घरगुती चाचण्यांमुळे छेद विस्कटला आहे, जनुकक्रम काढणे घटले आहे, आणि जे काढले जातात त्यांत रुग्णालयातले नमुने अधिक असतात. अशा वेळी दर नव्या व्हेरियंटबरोबर येणारे ‘अधिक घातक असल्याचा पुरावा नाही’ हे वाक्य कसे वाचायचे? हिशेब करा. दाखल होण्याचे नेहमीचे प्रमाण २ टक्के आणि जनुकक्रम लागलेले रुग्ण ५०० असतील तर अपेक्षा १० जणांची. व्हेरियंट खरोखर दीडपट घातक असेल तर १५ दाखल होतील. पण १०ची अपेक्षा असताना निव्वळ योगायोगाने १५ किंवा अधिक जण दाखल होण्याची शक्यताही साधारण बारात एक आहे. म्हणजे पुरावा नाही, कारण एवढ्या नमुन्यात तो दिसूच शकत नव्हता. अल्फाचा १.६४ पट धोका स्पष्ट दिसायला पंचावन्न हजारांच्या आसपास जोड्या लागल्या, कारण मूळ फरक हजारी २.६ मृत्यूंवरून ४.१ एवढाच होता.

वाक्य प्रसिद्ध करणाऱ्या संस्थांनी त्याच्या शेजारी एवढे तरी छापावे: किती रुग्ण पाहिले, आणि केवढा फरक असता तर तो दिसला असता. जनुकक्रमासाठी नमुने रुग्णालयातून न निवडता सर्व पॉझिटिव्ह चाचण्यांतून चिठ्ठ्या टाकून निवडावेत. लस, चाचणी, दाखल आणि मृत्यू यांच्या नोंदी एका ओळख क्रमांकाने जोडलेल्या असाव्यात. इंग्लंडला दीड महिन्याच्या खिडकीत १५ लाख रुग्ण तपासता आले ते यामुळेच. आणि रक्तसर्वेक्षण लाटांच्या मधल्या काळातच, नियमित अंतराने व्हावे. लाट भरात आल्यावर काढलेल्या रक्तातली प्रतिपिंडे जुन्या संसर्गाची की नव्या, हे वेगळे करणे अवघड असते, आणि तो फरक कळला नाही तर पूर्वसंसर्गाचा हिशेब पुन्हा अंदाजावरच मांडावा लागतो.